एकोणतीसचा पाढा

आम्ही लॅबमधली जुनी मंडळी एखाद्या लग्नात भेटलो, की शेजारच्या पाहुण्यांनी आधी जेवून घ्यावं. आमचे सगळे किस्से थुंकीचे असतात. त्यातले निम्मे तरी वानखेडे मामांचे.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दवाखान्यात मामा हेड टेक्निशियन होते आणि मी त्यांच्या हाताखाली. क्षयाचे जंतू शोधायची रीत अशी: काचेच्या स्लाइडवर थुंकी पसरायची, लाल रंग ओतून खालून आच द्यायची, मग ॲसिडनं धुवायची. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, क्षयाचा जंतू तेवढा सोडत नाही. शेवटी वरून निळा रंग द्यायचा. निळ्यात लाल काड्या दिसल्या की पेशंट सापडला.

खरी कसोटी धुण्यात. भिंतीवर चांगलं घड्याळ होतं, पण मामा त्याकडे बघत नसत. घड्याळाकडे पाहिलं की स्लाइडवरची नजर हटते, असं त्यांचं म्हणणं. ते एकोणतीसचा पाढा म्हणत, एका स्लाइडला पाच वेळा. तेवढा वेळ खोलीत कोणी बोलायचं नाही, हा कायदा.

एकदा मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले आणि नेमकं पाढ्यातच काहीतरी विचारून बसले. मामांनी एक बोट वर केलं. साहेब थांबले. पाच फेऱ्या संपल्या, स्लाइड नळाखाली गेली, तेव्हा मामा वळले आणि म्हणाले, "हं, बोला."

साहेब काय विचारायचं तेच विसरले होते.

*

मामांची दहाही बोटं लाल-जांभळी असत. दुसऱ्या जंतूंसाठी जांभळा रंग लागायचा, त्याचा तो प्रसाद. आम्ही साबणानं घासघासून थकायचो. मामा कधीच घासत नसत. रंगाला लाजायचं असेल तर किराणा दुकान टाकावं, असं ते आम्हाला ऐकवत.

निवडणुकीत ते इतवारीतल्या केंद्रावर गेले. शाई लावणाऱ्या माणसानं बोट पाहिलं, मग दुसरं, मग दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितलं, तुमचं मतदान झालंय.

"दहा वेळा झालं म्हणता काय?" मामांनी विचारलं.

शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमची चिठ्ठी नेली तेव्हा कुठे मत पडलं.

*

एक गृहस्थ तपासणीसाठी बाटली घेऊन आले. आतला माल लालभडक. आम्ही घाबरलो, रक्तच वाटलं. मामांनी बाटली उजेडात धरली, मग गृहस्थांचं तोंड पाहिलं. तोंडात पान होतं.

"रंगवाचं काम आमचं हाय, बावा. तुमी काहून रंगवून आनलं?"

*

मग मामाच खोकायला लागले. दोन महिने ते रंगाच्या वाफेला आणि उन्हाळ्याला दोष देत राहिले. मॅडम मागे लागल्या, तेव्हा कटकट मिटावी म्हणून थुंकी दिली. बाटल्यांवर फक्त नंबर असायचे, नावांचं रजिस्टर मॅडमकडे. त्या दिवशी स्लाइड मी रंगवल्या आणि मामा बघायला बसले.

"अठरा नंबर. लाल काड्यायचा खच हाय. याले आजच भरती करा. एवढे दिवस खोकलत फिरला असन, मूर्ख."

मॅडमनी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. मामांनी नाव वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्लाइड मात्र चांगली रंगवली गा तू."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

मामा वॉर्डात गेले आणि त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. पहिलीच नात. सलग तीन स्लाइड स्वच्छ आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

काही महिन्यांनी पहिली स्वच्छ आली. मी पळत सांगायला गेलो, तर मामांचा विश्वास बसेना. मी जास्त धुतली असणार, जंतूचाही रंग काढला असणार, अशी त्यांना शंका. पाढा म्हणून दाखव म्हणाले. भर वॉर्डात मी सुरू केलं आणि एकोणतीस आठीला अडखळलो. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी दोनशे बत्तीस सांगितलं.

"पाहा, लटपटला. मंग वेळ जास्त लागनच."

दुसरीही स्वच्छ आली. तिच्यावरही त्यांनी हीच शंका काढली. तिसरी रंगवायला मामा स्वतः आले, दवाखान्याच्या पायजम्यात. लाल रंग दिला, आच दिली, ॲसिड ओतलं. तीन फेऱ्या बरोबर झाल्या. चौथीत "एकोणतीस सख" म्हणाले आणि गप्पच झाले. ओठ हलत होते, आकडा येत नव्हता. स्लाइडवर ॲसिड तसंच. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

पाढा चालू असताना त्या खोलीत आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

"एकशे चौऱ्याहत्तर," मॅडम म्हणाल्या.

मग शिपायासकट आम्ही सगळ्यांनी धरलं, एकोणतीस साती दोनशे तीन, आणि पाचवी फेरी पुरी करूनच थांबलो.

ती एक स्लाइड मामांनी तासभर पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. लाल काडी एकही नव्हती. मग उठले, बेसिनवर गेले, साबण घेतला आणि दहाही बोटं घासायला लागले.