टेलचं पाणी आधी

"मॅडम, हजेरी शेवटापासून घ्या की."

केरबाआप्पांचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ऑनलाइन वर्गाचा पहिला दिवस होता. फोनच्या पडद्यावर मॅडम सोडून चौदा चौकोन. तेरांमध्ये माणसांची तोंडं आणि एकात छताचा पंखा, त्याच्या खाली पांढऱ्या टोपीचं टोक. आवाज त्या टोपीतून आला होता. बेळगावच्या आमच्या मॅडम गोंधळल्या. "का हो आप्पा?"

"शेवटाचं माणूस ताटकळतंय. वरचं काय पळून जातंय व्हय?"

नावं नोंदवली त्या क्रमानं हजेरीपट केलेला. पहिला नंबर आप्पांचा, चौदावा माझा. मला वाटलं, म्हातारा आपली चेष्टा करतोय. राग माझ्या नाकावरच असतो. मी फटकन म्हटलं, "आप्पा, मला कुणाच्या उपकारांची गरज नाही." पण हे पुरतं कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण 'उप'पर्यंत येऊन माझं नेट गेलं.

मी कणकुंबीची. अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिकेच्या बढतीला पदवी लागत होती आणि वयाची अटही होती. तीन वर्षांत पदवी हातात पडली तर यादीत नाव, नाहीतर जन्मभर खिचडीचं पातेलं आणि दुसऱ्यांच्या सह्या. म्हणून मी घरबसल्या बी. ए.ला नाव घातलं होतं, आणि विषय इतिहास. पण आमच्या जंगलात नेट म्हणजे नवसाचं पोर. देवळामागच्या चढावर उभं राहिलं की फोनवर दोन काड्या दिसायच्या. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चार-पाच तास तग धरायचा, मग तोही मान टाकायचा.

आणि आप्पा? निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला त्यांचं गाव. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी होते, म्हणजे नदीतून उचललेलं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. पाटाच्या शेवटाला ते टेल म्हणायचे. त्यांचा एकच कायदा होता. पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग एकेक शेत करत वर यायचं. वरच्याला आधी दिलं की तो दारं, म्हणजे बांधातलं पाण्याचं तोंड, बंद करायला विसरतो आणि खालचा बोंबलत बसतो. सरपंचाचं शेत पाटाच्या तोंडाशी होतं. तो चाळीस वर्षं आप्पांवर फुगून होता.

"आप्पा, या वयात कॉलेज कशाला?" एकदा मॅडमनी विचारलं.

"चाळीस वर्सं पाणी सोडलं मॅडम. म्हटलं, जगात पयल्यांदा कुणी सोडलं त्येचा पत्ता तरी लागू दे."

हा माणूस सगळंच शेवटापासून करायचा. प्राचीन संस्कृतींचं पुस्तक त्यांनी शेवटच्या पानाकडून वाचायला घेतलं. आम्ही सुमेरच्या पहिल्या शेतकऱ्यांवर होतो तेव्हा आप्पांचं रोम पडूनही झालं होतं. पहिल्या चाचणीत तर त्यांनी कहर केला. पेपर शेवटच्या प्रश्नापासून सोडवत वर आले आणि पहिल्या प्रश्नाशी पोचेपर्यंत वेळ संपला. नेमका तो सक्तीचा, वीस गुणांचा.

"आप्पा, अहो पहिला प्रश्न सोडून कसं चालेल?"

"सोडला कुठं मॅडम? पाळी आली न्हाय त्येची."

मी हसून हसून चढावरून घसरणार होते. तेव्हापासून माझा राग पातळ झाला.

माझे अर्धे तास नेटच खायचं, हे आप्पांच्या आठवड्याभरातच लक्षात आलं. एका संध्याकाळी साधा फोन वाजला. "कणकुंबीची बाई काय? मी टोपीवाला बोलतोय. आजचं तुझं किती बुडालं?"

"सगळंच," मी म्हटलं.

"मग हिकडं कान दे."

त्या दिवसापासून प्रत्येक वर्गानंतर पाच वाजता त्यांचा फोन यायचा. बाकीचेही कधी कधी त्यांना शंका विचारत, पण त्यांना उत्तर सहानंतर मिळायचं. टेल झाल्याशिवाय वर नाही. अख्ख्या जगाचा प्राचीन इतिहास मी निपाणीच्या बोलीत शिकले. इजिप्तवर त्यांचं मत बरं नव्हतं. "नाईलला दरसाली आपोआप पूर येणार, गाळ बसणार. द्येवानंच दारं धरलंय म्हण की. माणसास्नी काम न्हाय. मग बसल्यात दगडावर दगड रचत." मोहेंजोदडोच्या गटारांवर ते खूष होते. "सांडपाणी काढून दिलंय म्हंजे गाव शाणं." आणि बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, ज्याच्या हयगयीनं बांध फुटून शेजाऱ्याचं पीक बुडेल त्यानं भरपाई द्यावी, असं निघालं तेव्हा तर त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर सहा मिनिटांचा आवाजी निरोप टाकला. त्यात हम्मुराबी कमी आणि गावातला कुणी एक पाट फोडणारा जास्त होता. "ह्यो राजा आमच्या पंचायतीत पायजे हुता!"

"आप्पा, मुद्द्याचं सांगा, परीक्षा आहे," मी वैतागायचे.

"मुद्दाच सांगतोय की गं. तू लई घाईची."

एक गोष्ट मात्र त्यांना खुपायची. "समदी राजांची नावं हाईत बघ. पाट खणला राजानं, बांध घातला राजानं. आरं, राजा कवा खोरं घिऊन चिखलात उतरला हुता? पाटकऱ्याचं नाव एका पानावर न्हाय." हे ते महिन्यातून एकदा तरी म्हणायचेच.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आषाढात आली. परीक्षा ऑनलाइन, दहा वाजता सुरू, प्रत्येकाला वीस मिनिटं आणि हजेरीच्या क्रमानं. म्हणजे माझा नंबर दुपारी दोनच्या पुढं. आणि आमच्याकडं सकाळी सातलाच वीज गेलेली. टॉवर फार तर बारापर्यंत जगणार. मी ग्रुपवर मॅडमना लिहिलं, माझं आधी घ्या. मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, क्रम वरून ठरून आलाय, माझ्या हातात नाही. तोंडी बुडाली की वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की वयाची अट संपणार. कणकुंबीचा पाऊस कोसळत होता. मी चढावर छत्रीखाली उभी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पायांना जळवा. तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून मी रडतच होते.

दहाला धारवाडचे परीक्षक आले. पहिलं नाव आप्पांचं पुकारलं. पंखा आणि टोपी पडद्यावर आली.

"सुमेरची शेती का ढासळली, सांगा," परीक्षक म्हणाले.

"सांगतो सर. पर टेलला एक बाई पावसात हुबी हाय. तिचं नेट बाराला जानार. आधी तिला घ्या."

"नंबर तुमचा आहे. क्रमानं जायचं आहे."

"हौद्री सर, खरं हाय. पर चाळीस वर्सांत वरच्यानं आधी घेतलेलं मला चालल्यालं न्हाय. आता सोता वरचा झालो म्हनून कसं घिऊ?"

"मग मला तुमची गैरहजेरी लावावी लागेल."

मी ओरडले, "आप्पा, तुम्ही द्या उत्तर! गप द्या!" पण परीक्षा चालू असताना बाकीच्यांचे आवाज बंद ठेवलेले. आमच्या चौकोनांतून नुसती तोंडं हलत होती.

"लावा," आप्पा शांतपणे म्हणाले. "पर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बी ह्येच हाय. वरच्यांनी मन मानंल तसं पाणी ढोसलं. जमिनीत मुरलं, मीठ वर आलं, रानं पांढरी पडली. खालच्यांची तोंडं कोरडीच ऱ्हायली. दोघंबी गेली. आमच्या नदीकाठाला या, सुमेर दावतो."

परीक्षकांनी चष्मा काढला. मग हसायला लागले. "कणकुंबी कोण आहे? बोला बाई."

मला त्यांनी नाईलवर विचारलं. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "सर, तिथं देवानंच दारं धरलं होतं." पुढं पूर, गाळ, पेरणी, सगळं नीट सांगितलं, पण परीक्षक पहिल्या वाक्यालाच इतके हसले की त्यांचा कॅमेरा हलत होता. माझं झालं आणि साहेब म्हणाले, "आता शेवटापासूनच वर येऊ या." पावणेबाराला टॉवर गेला. मी चढावरच बसून देवळाच्या कळसाला हात जोडले.

पण पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. क्रम उलटा झाला, म्हणजे आप्पा शेवटी. दिवसभर ते फोन चालू ठेवून सगळ्यांच्या परीक्षा ऐकत बसले, शिवाय त्या दिवशी निपाणीकडं दुरुस्तीसाठी लाईट बंद. आप्पांची पाळी आली तेव्हा त्यांचा फोन मेलेला. सून शेजारणीचा फोन घेऊन धावत आली, तोवर वेळ संपलेली. सकाळचं उत्तर धरता येत नाही, ते नियमित परीक्षेचं नव्हे, असं वरून कळलं. माझ्या नावापुढं अठ्ठावन्न गुण आणि आप्पांच्या नावापुढं 'गैरहजर'.

मी फोनवर भांडभांड भांडले. मॅडमशी, कार्यालयाशी, शेवटी आप्पांशीच. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

ते खो खो हसत होते. "आगं, पाटकऱ्याचं रान सगळ्यात शेवटी भिजतंय. कवा कवा पाणीच संपतंय. पुढल्या पाळीला बघू."

पुढच्या वर्षी मी पर्यवेक्षिका झाले होते. आप्पांच्या फेरपरीक्षेच्या दिवशी रजा टाकून त्यांच्या गावी गेले, दोन भरलेले फोन आणि एक बॅटरी पिशवीत घेऊन. चार वर्षांनी पहिल्यांदा टोपीच्या खालचा माणूस दिसला. अंगानं बारका, डोळे मिश्कील, आणि पायांची बोटं जन्मभर पाण्यात राहून पांढरी, भेगाळलेली. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "फोन आणलास, पर पोळी खाल्लीस का?" मी शेजारी बसून फोन धरला. यावेळी छताचा पंखा नव्हे, अख्खे आप्पा दिसले. त्यांना एक्काहत्तर मिळाले. "तुझ्यापरास तेरा जास्त," हे त्यांनी मला त्या वर्षात निदान वीसदा ऐकवलं.

आप्पा गेले ते यंदाच्या माघात. सकाळी नऊला सुनेचा फोन आला. अंगणात ऊन खात बसले होते, तसेच कलंडले. मी म्हटलं, "मला कणकुंबीहून यायला दुपार होईल. तुम्ही थांबू नका." बेळगावपर्यंत एक बस, निपाणीपर्यंत दुसरी, मग रिक्षा. सगळ्या वाटेत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. मनात एकच, की आता नुसती राखच दिसणार.

अडीचला पोचले. अंगण माणसांनी भरलेलं, डोक्यावर ऊन. आणि मधोमध आप्पा तसेच ठेवलेले. गर्दीतून कुणी म्हातारा कुरकुरला, "आली बाबा एकदाची."

मी सुनेला म्हटलं, "अगं, थांबायचं नाही म्हटलं होतं ना?"

"आप्पाच बजावून ठिवल्यात, आक्का. शेवटाचं माणूस पोचल्याबिगर उचलायचं न्हाय म्हणून."

उचलण्याआधी मयताच्या तोंडात पाणी घालतात. पहिला मान थोरल्या मुलाचा. त्यानं तांब्या आणि तुळशीचं पान उचललं, आणि गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडं आला.

"घ्या आक्का," तो म्हणाला. "आधी टेल."

मी वाकले आणि निम्मं पाणी आप्पांच्या टोपीवरच सांडलं. माझ्यानंतर वाड्यावस्त्यांवरची माणसं, मग भावकी, मग मुली, सुना. सगळ्यात शेवटी थोरल्यानं पाणी घातलं, आणि मग आप्पांना उचललं.