शालनमावशी गोळी का घेत नव्हत्या?

मागच्या गुरुवारी शिराळ्याला गेले होते. विश्रामबागच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात सध्या वयस्कर माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनतंय. डिझाईन माझ्याकडे आहे.

सुरुवातीला आम्ही एम्पथी मॅप केला होता. म्हणजे फळ्यावर चार चौकोन... माणूस काय बोलतो, काय करतो, काय विचार करतो, त्याला काय वाटतं. तासाभरात भरलासुद्धा! 'गोळी घ्यायला विसरतात' ही चिठ्ठी तर मीच लावली, अगदी खात्रीनं.

"हे सगळे आपले अंदाज झाले, जरा विचारून या," सर म्हणाले. म्हणून मी मैत्रिणीच्या मावशींकडे, शालनमावशींकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा फौजेत, घरी एकट्याच.

ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं तर बऱ्याच शिल्लक. "मावशी, मोबाईलनं आठवण केली तर बरं पडेल ना?"

घरात आम्ही दोघीच होतो, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"इसरत न्हाई गं मी. त्या गोळीनं सारखं लघवीला लागतं. सोमवारी अन् शुक्रवारी कराडला बहिणीकडं जाते, ती अंथरुणाला खिळलीया... एस्टीत काय करू, सांग? म्हणून त्या दिवशी घेतच न्हाई."

"मुलाला माहितीये?"

"त्यो रोज फोनवर इचारतो. घेतली म्हणून सांगते. लांब हाय, उगं घोर लागंल त्येला."

मी मनातल्या मनात वरमले. आमच्या ॲपनं त्यांना एसटीत बसल्याबसल्या घंटी वाजवून दाखवली असती, बाकी काय...

डॉक्टरांना हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. मग त्यांना विचारून तिथूनच फोन लावून मीच सांगितलं. ते म्हणाले, त्या दोन्ही दिवशी दुपारी घरी परतल्यावर घ्या, चालेल, पण चुकवू नका. एवढंच! मावशी किती तरी वेळ माझा हात धरून बसल्या होत्या.

आता आमचं ॲप सकाळी आधी विचारणार आहे, 'आज बाहेर जायचंय का?'

काल सोमवार. मैत्रीण सांगत होती, दुपारी मुलाचा फोन आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "न्हाई घेतली रं अजून. आत्ता एस्टीतनं उतरले, घरी जाऊन घेते."

किती दिवसांनी त्या त्याच्याशी खरं बोलल्या असतील... मावशी, पहिल्याच भेटीत मला घरचं माणूस मानलंत, त्याबद्दल मनापासून थँक्यू.