पालाचं दार

रिसोडच्या बाजारामागे, नाल्याच्या कडेला भटक्या कुटुंबांची सात-आठ पालं आहेत. दर रविवारी सकाळी कस्तुराबाई तिथल्या लिंबाखाली उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "ए रुपा! डबा ने व!"

कस्तुराबाई साठीच्या. शेती रिठदला, घर रिसोडात, हात कायम पिठात. पालांतल्या लोकांसाठी चार वर्षं त्यांनी एक रविवार चुकवला नाही. पोळ्या, भाजी, थंडीत महिला मंडळाकडून गोळा केलेल्या गोधड्या. मंडळाच्या बायका त्यांना अन्नपूर्णा म्हणायच्या. बाई लाजायच्या, पण नको म्हणायच्या नाहीत.

रुपाबाई आणि तिचा नवरा खेमा शिंदीच्या पानांचे फडे, म्हणजे घर झाडायच्या केरसुण्या, बांधायचे. ती डबा घ्यायला लिंबापाशी आली की ठरलेलं बोलणं व्हायचं.

"आत या ना बाई. चहा घ्या."

"आज नाई व, उशीर झाला. पुढच्या खेपेले."

ती खेप चार वर्षांत आली नाही. लक्ष्मीपूजनाला मात्र रुपाबाईनं बांधलेलाच फडा कस्तुराबाईंच्या देवापुढे असायचा. त्याला हळदीकुंकू लावून त्या लक्ष्मी म्हणून पाया पडायच्या.

यंदा दिवाळीला आठ दिवस होते. भर दुपारी वारा सुटला, चुलीतली ठिणगी उडाली आणि रुपाबाईचं पाल जळालं. माणसं बाहेर होती, वाचली. दिवाळीच्या बाजारासाठी चार महिने खपून बांधलेले तीनशे फडे आत होते. त्यांची राख झाली.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. कस्तुराबाई मंडळाच्या बायकांना घेऊन हजर होत्याच. त्यांच्यातल्या वैजयंतीनं फोटोसाठी मोबाइल वर धरला होता.

"तीनशे फडे?" तलाठ्यांनी राखेकडे पाहिलं. "एवढ्याशा पालात? कोणी पाहिले होते का?"

"या बाईले इचारा न, साहेब," रुपाबाई म्हणाली. "चार वर्सं झाले, येऊन राह्यल्या. आमच्या घरच्यावानी हायेत."

सगळ्या बायका कस्तुराबाईंकडे बघायला लागल्या. 'मी आत कधी गेलीच नाई' एवढंच म्हणायचं होतं.

"होते ना," त्या म्हणाल्या. "मी पाह्यले. दाराच्या डाव्या अंगाले रचून ठेवले होते."

"दार कोणत्या बाजूला होतं?"

कस्तुराबाईंनी लिंबाकडे हात केला.

तलाठ्यांनी पेनानं नाल्याकडची बाजू दाखवली. उंबऱ्याला लावलेले दोन दगड तिथं काळे होऊन पडले होते. चार वर्षं बाई पालाची पाठच बघत होत्या.

"बाई, खरं सांगा. आत गेल्या होत्या का कधी?"

"नाई."

"मग मी तुमचं काय लिहू?"

"साहेब, रुपा खोटं नाई बोलत. खोटं मी बोलली."

"असेल. पण पंचानं पाहिलेलंच लिहावं लागतं." त्यांनी लिहिलं, 'फडे अंदाजे पंचवीस.'

वैजयंतीनं मोबाइल हळूच पर्समध्ये टाकला. खेमा राखेत काडीनं उगाच उकरत बसला. आणि रुपाबाईच तलाठ्यांना समजावल्यासारखं म्हणाली, "जाऊ द्या, साहेब. बाईले टाइम नसते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कस्तुराबाईंना परत काही बोलता तरी आलं असतं. खाली मान घालून त्यांनी सही केली. हातातल्या पेनाचं झाकण लावायचंही भान राहिलं नाही.

रविवारी त्या डबा घेऊन गेल्या. लिंबापाशी थांबल्या नाहीत. वळसा घालून नाल्याकडून आल्या. निळ्या ताडपत्रीचं नवं पाल उभं होतं. दार इतकं ठेंगणं, की त्यांना पार वाकावं लागलं.

"रुपा," त्या म्हणाल्या, "चहा मांड."

रुपाबाई चुलीपाशी रिकाम्या हातांनी बसली होती.

"कशात मांडू, बाई? भांडे बी जयले न."

कस्तुराबाई तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"आल्याच हायेत तर बसा," रुपाबाई म्हणाली, आणि स्वतःच्या खालचं पोतं काढून तिनं त्यांच्यासाठी अंथरलं.