लिफ्टमधला आवाज

लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या कंपनीत बिल्ड, म्हणजे सगळ्या फाइली जोडून प्रोग्राम तयार करणारी प्रक्रिया, आजारी पडली की सगळे एका इंजिनिअर मुलीलाच हाक मारायचे, म्हणून तिचं नावच पडलं डॉक्टरीणबाई. कंपनीच्या स्वतःच्या लिफ्टमध्ये स्वागतकक्षातल्या बाईंचा आवाज होता. त्या वारल्या, तेव्हा त्यांचा नवरा, इथलाच मेकॅनिक, तिला म्हणाला, "ताई, तेवढा आवाज बदला. रोज ऐकवत नाही हो."

तिने नवा आवाज रेकॉर्ड करून जुन्याच्या जागी ठेवला आणि नवी बिल्ड लिफ्टवर चढवली. दार मिटलं आणि त्याच बाई शांतपणे म्हणाल्या, "सांभाळून उभे राहा."

तिच्या अंगावर काटा आला. फाइल ऐकली तर तिच्यात नवाच आवाज. पुन्हा बिल्ड केली, तरी लिफ्टमध्ये बाईच.

"त्या काही जागा सोडत नाहीत," शेजारचा प्रोग्रामर हसला, पण खाली जाताना जिन्याने गेला.

तिने बिल्डचे नियम ओळ न् ओळ चाचपले. आवाजांचा गठ्ठा कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, त्या यादीत ही फाइल कुणी नोंदवलीच नव्हती. काही बदललंय हे बिल्डला कळतच नव्हतं. ती आधीचा तयार गठ्ठा उचलून जोडत होती. तिने नोंद केली, जुना गठ्ठा पुसला आणि नवा बनवला.

मग मेकॅनिकला घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली. नवा आवाज बोलला. दार उघडलं, तरी मेकॅनिक हलेना.

"जुना कुठे ठेवलाय का, ताई?"

"नाही हो, दादा," ती कशीबशी म्हणाली. जुना आवाज उरला होता तो त्या पुसलेल्या गठ्ठ्यातच; बाई दुसऱ्यांदा गेल्या, आणि या वेळी आपल्या हातून, असं तिला वाटलं.