सहा सिलिंडरच्या जागी आठ

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या आमच्या घराच्या गराजमध्ये एका जुन्या अमेरिकन गाडीचं इंजिन काढून तिला मोठं इंजिन बसवलं. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि एका टेलिकॉम कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. हे मी सांगते तेव्हा ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा लगेच दोन्ही हात वर करतो. "माझा काही संबंध नाही. मी फक्त चहा दिला."

गाडी साठच्या दशकाच्या शेवटची, दोन दारांची, लांब नाकाची. ओटावाच्या पश्चिमेला एका शेतकऱ्याच्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या कोठारात, ती वीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. पत्रा बराचसा शाबूत होता. बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यांवर पत्रा गंजवणारं मीठ टाकतात अशा मुलखात हे नशीबच म्हणायचं. पण इंजिन होतं सहा सिलिंडरचं, त्या गाडीत मिळणारं सगळ्यात साधं. गाडी दिसायला पैलवान आणि चढ लागला की धापा टाकायची. त्याच गाडीत तेव्हा आठ सिलिंडरचं मोठं इंजिनही यायचं. तसंच एक मला एका मोडक्या पिकअपमधून मिळालं. त्याचे झिजलेले सिलिंडर वर्कशॉपमधून बोअर करून, म्हणजे आतून कातून, आणले आणि बाकीची जुळणी स्वतः करायची ठरवली. त्यासाठी आधीचे दोन हिवाळे मी कॉलेजात संध्याकाळचा ऑटो रिपेअरचा कोर्स केला होता. ऑफिसात दिवसभर मी जे तपासायचे त्याला हात लावता येत नसे. एकदा तरी वजन असलेलं काहीतरी स्वतः चालू करून बघायचं होतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये बाबा अकोल्याहून आमच्याकडे राहायला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा चौतीस वर्षं सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक होते. मला वाटलं होतं, हे इंजिन बघून म्हातारा हरखून जाईल. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गराजमध्ये नेलं. स्टँडवर चढवलेल्या इंजिनाभोवती ते एक चक्कर मारून आले.

"हे कोन बसवनार हाय?"

"मीच."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "याच्यासाठी शिकवलं होतं का तुले?" आणि आत निघून गेले.

मला राग आला. पण त्यांच्या बोलण्यामागचं मला माहीत होतं. लहानपणी मी डबा घेऊन डेपोत गेले तर ते मला गेटवरूनच परत पाठवायचे. शाळेत पालकसभेला आले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, कारण रॉकेल आणि भुशानं कितीही घासले तरी नखांतलं काळं निघत नसे. माझा इंजिनिअरिंगचा निकाल लागला त्या दिवशी ते आईला म्हणाले होते, "आपल्या घरातले काये हात माह्यावर संपले." इतक्या अभिमानानं बोललेलं दुसरं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि आता तीच मुलगी आपण होऊन ग्रीसमध्ये हात घालत होती.

मी थांबले नाही. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडून इंजिन उचलायची चाकांची क्रेन आणली आणि जुनं इंजिन बाहेर काढलं. मग दर शनिवार-रविवार काम. नवीन इंजिनासाठी चासीवरचे ब्रॅकेट बदलले, गिअरबॉक्स बदलला, मोठा रेडिएटर बसवला. बाबा आत टीव्हीसमोर बसत. गराजमधून घरात जायचं दार मात्र हल्ली पूर्ण लागलेलं नसायचं. हीटर चालू असताना दार उघडं राहिलं की नवरा कुरकुरायचा. मी त्याला म्हटलं, राहू दे.

जानेवारीत नवीन इंजिन आत उतरवलं. शेवटचा बोल्ट कसला, क्रेनची साखळी सोडली आणि गाडीचं नाक दोन इंच खाली बसलं. मी मागे सरकून बघतेय तोच दारातून आवाज आला. कानटोपी घातलेले बाबा उभे होते.

"पयवशील तं पयवशील. थांबवशील कशी, ते सांग आधी."

गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. ते बदलायला हवेत हे मला ठाऊक होतं, पण एवढ्या मेहनतीनंतर गाडी चालू झालेली बघायची घाई झाली होती. मी म्हटलं, "ब्रेक पुढच्या वर्षी करीन, बाबा."

"पुढच्या वर्षापर्यंत जगली पायजे नं."

ते वाद घालायला थांबले नाहीत. मी मात्र त्या रात्री जेवताना कबूल केलं की त्यांचं बरोबर आहे. पूर्ण फेब्रुवारी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि जाड स्प्रिंग बसवण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी बाबा किचनमधलं स्टूल घेऊन आले आणि जॅकेटच्या खिशात हात घालून बसले. कशालाही हात लावायचे नाहीत. मधूनच म्हणायचे, "अर्धा आटा आनखी," किंवा "ते पुसून घे, मंग लाव." एवढंच. पण स्टूल पुन्हा किचनमध्ये गेलं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी गराजचं मोठं दार उघडून मी पहिल्यांदा चावी फिरवली. ड्राइव्हवेच्या कडेला फावड्यानं ओढून ठेवलेला बर्फ वितळत होता. नवरा आणि क्रेनवाले शेजारी बघायला उभे होते, बाबा स्टुलावर. इंजिन दोनदा फिरलं आणि कार्ब्युरेटरमधून धाडकन आवाज करत जाळ वर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वायरी तपासल्या, पेट्रोल तपासलं, इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची टायमिंगची खूण तपासली. सगळं ठीक. दुपार झाली. शेजारी हळूच म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक चांगला मेकॅनिक आहे. नवराही म्हणाला, "बोलवू या का कोणाला तरी?"

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचं बोलणं त्यांनी ऐकलं.

"कोनाले बोलवता? ते हाय नं," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. मग मला म्हणाले, "पयल्या सिलिंडरचा प्लग काढ. भोकावर अंगठा धर."

मी प्लग काढून अंगठा धरला. नवऱ्यानं लांब पान्यानं इंजिन हातानं फिरवलं. टायमिंगची खूण शून्यावर आली, पण अंगठ्याखाली काहीच जाणवलं नाही. आणखी एक पूर्ण फेरी झाली, खूण पुन्हा शून्यावर आली, आणि या वेळी हवेनं माझा अंगठा बाहेर ढकलला.

"समजलं?"

समजलं. खूण दर फेरीला शून्यावर येते, पण दाब एक फेरी सोडून येतो. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर बसवताना मी नेमकी चुकीची फेरी धरली होती. ठिणगी पडत होती, पण भलत्याच वेळी.

"तुम्हाला पहिल्याच आवाजात कळलं होतं ना?" मी विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"इंजिन तुहं हाय."

डिस्ट्रिब्युटर काढून, अर्धा फिरवून मी परत बसवला. चावी फिरवली आणि आठही सिलिंडर एकदम बोलले. भिंतीवरची फावडी थरथरायला लागली. शेजाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी सीटवर बसून राहिले. पायाखालून, पाठीतून तो आवाज अंगात येत होता. हे मी केलं, एवढंच मनात होतं.

मे महिन्यात आमच्या मंडळाचा बुद्धजयंतीचा कार्यक्रम ओटावातल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये होता. बाबा पांढरा शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसले. आम्ही पार्किंगमध्ये शिरलो तसे लोक हॉलमधून बाहेर आले. डॉक्टर, सरकारी खात्यातले, आयटीतले, सगळे गाडीभोवती. इतके महिने या लोकांना बाबा फक्त "सरकारी नोकरीत होतो" एवढंच सांगायचे. एकानं विचारलं, "काका, इंजिन तुम्ही बसवलं का?"

"मी डिझेल मेकॅनिक. चौतीस वर्षं डेपोत होतो," बाबा म्हणाले. "पन हे इंजिन माह्या पोरीनं बसवलं. मी स्टुलावर बसलो होतो." मग त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं आणि कोणता भाग मी कसा बसवला ते एकेक दाखवत राहिले. वंदना सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी बाहेर येऊन सगळ्यांना आत बोलावलं. मी बॉनेट लावायच्या निमित्तानं जरा मागे थांबले.

परतताना हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "दाब थोडं."

मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं आम्हा दोघांना सीटमध्ये ढकललं आणि बाबा मोठ्यानं हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या नादात कनाटाकडे उतरायचा एक्झिट मागे गेला. पुढच्या एक्झिटवरून वळून घरी आलो.