थेंबालाही न शिवलेल्या शामलामावशी

टिलबर्गमधल्या मराठी घरांत दारूचा विषय निघाला की शामलामावशींकडे पाहून सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येत. नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर या देशात आल्या, डच शिकल्या, चीज खायला लागल्या, पण या एका बाबतीत त्यांचं सोवळं सुटलं नाही. नवरा, म्हणजे गुरुनाथकाका, शुक्रवारी ऑफिसातून एखादी बिअर पिऊन आले, की आधी चूळ, मग चहा. "वास येतोय," एवढंच त्या म्हणत. काका बिचारे सायकलला कुलूप लावतानाच बडीशेप तोंडात टाकत.

बाकी बाई म्हणजे लोणी. मुलं युट्रेख्टला शिकायला गेली आणि रिकामं घर खायला उठलं, तेव्हा मावशींनी रीतसर नोंदणी करून घरी मुलं सांभाळायला घेतली. सध्या एकच होती, विशाखाची तीन वर्षांची शर्वी. विशाखा आइंडहोवनला इंजिनिअर. सकाळी पोरीला सोडायची आणि धावत ट्रेन गाठायची. शर्वीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र डचमध्ये येई. मावशी तिला बाकफीत्समध्ये, म्हणजे पुढे लाकडी खोका असलेल्या सायकलीत, बसवून कालव्याकाठी बदकं दाखवायला नेत. त्या खोक्यातली पोर मावशींचा जीव की प्राण होती.

या वसंतात मावशींची पाठ धरली. पायापर्यंत कळ जाई. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर रात्री घ्यायची गोळी दिली. डबीवर पिवळा स्टिकर होता: गुंगी येऊ शकते, वाहन जपून, दारू टाळा. औषधांच्या दुकानातल्या मुलीने रीतीप्रमाणे विचारलं, "दारू घेता का?"

"मी? घोटभरसुद्धा नाही!" मावशींचा पारा चढला.

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. नणंदेने पुण्याहून पाठवलेलं अश्वगंधारिष्ट त्यांच्या लेखी औषध नव्हतंच. ते घरचं, आमसुलं-मेतकुटाच्या रांगेतलं. बाटलीवर चमच्यांचं माप छापलेलं होतं, पण छापील मापावर मावशींनी उभ्या जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. त्या सकाळ-संध्याकाळ आमटीची वाटी भरून घेत. "कशी छान ऊब येते अंगात," असं वर काकांना सांगत.

आठवडाभराने, सकाळी, कालव्याकाठी शर्वी गाणं म्हणत होती आणि मावशींच्या डोळ्यांवर झापड आली. क्षणभरच. सायकल रस्ता सोडून कडेच्या झुडपात घुसली आणि खोका कलला. शर्वी पानांतून डोकं काढून खिदळली, "नॉख एन केर!" पुन्हा एकदा! मावशींनी मात्र वळून रस्त्याकडे पाहिलं. झुडूप डाव्या हाताला होतं. उजव्या हाताला कालवा होता.

शर्वीला कडेवर घेऊन मावशी पायी घरी आल्या. पाठीची कळ त्यांना जाणवलीसुद्धा नाही.

त्याच दुपारी काका ऑफिसातून येऊन त्यांना शर्वीसकट डॉक्टरांकडे घेऊन गेले. "तोंडावाटे पोटात जातं ते सगळं आणा," असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, म्हणून काकांनी बाटलीही पिशवीत टाकली. डॉक्टरांनी ती फिरवून बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि चष्मा काढला.

"मॅडम, यात अल्कोहोल आहे. मुरताना आपोआप तयार होतं. चमच्याने घेतलं तर थोडं जातं, पण तुम्ही वाटीने घेता, आणि त्यावर ही गोळी. दोन्ही गुंगी आणणारी. ही बाटली बंद. गोळी रात्रीच घ्या, आणि मी सांगेपर्यंत सायकल नको."

मावशी बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि रडल्या. तीस वर्षांच्या चुळांचा वचपा काढायची इतकी सोन्यासारखी संधी काकांना पुन्हा मिळणार नव्हती. पण ते हसले नाहीत. रुमाल देऊन शेजारी बसले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मी मावशींना तोंडावर सांगणार नाही, पण सांगायला हवं.

"विशाखाला कशाला सांगतेस?" काका म्हणाले. "पोरीला खरचटलंही नाही."

"अहो, पोर तिची आहे. तिला कळायला नको?"

संध्याकाळी विशाखा आली तेव्हा मावशींनी दारातच सगळं सांगितलं, झापड, झुडूप, कालवा, वाटी. काही झाकलं नाही. विशाखाचा चेहरा पांढरा पडला. तिने शर्वीला उचललं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मावशींनी शर्वीसाठी केलेला गूळपोळीचा तुकडा दिवसभर तसाच ताटलीत राहिला. काकांनीही त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी बेल वाजली. दारात विशाखा होती, शर्वीचा हात घट्ट धरून.

"रजा काढून विचार करत होते, मावशी," ती म्हणाली. "खूप राग आलाय, अजून आहे. पण मी न विचारता मला खरं सांगणारं माणूस या गावात दुसरं कुठे शोधू? बदकं बघायला चालत जायचं. आणि रोज मी दारात विचारणार. आज काय काय घेतलंत?"

साठीच्या उंबरठ्यावरच्या शामलामावशी शाळेतल्या पोरीसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"काल रात्री गोळी, डॉक्टरांनी सांगितली तशी. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या. बास. आई शप्पथ, बास."

विशाखाने शर्वीचा हात त्यांच्या हातात दिला.