शालूबाईची साक्ष

मुरगूडच्या बाजारात शालूबाईचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. वेदगंगेच्या काठाला तिचं तुकडाभर रान होतं. तिथली मेथी, पोकळा, वांगी ती स्वतःच बुट्टीतून बाजारात आणायची, आणि एकदा का तिनं आरोळी दिली की शेजारच्या कापडवाल्याचा भोंगा फिका पडायचा. नवरा आकाराम तेवढाच अबोल. लोक चेष्टेनं म्हणायचे, देवानं दोघांचा आवाज एकीच्याच गळ्यात घातलाय. शालूबाई त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

तिची लेक क्रांती कागलला दिली होती. सासरा बाळासो गावातला वजनदार माणूस, नवरा सयाजी एकुलता एक. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा एका सकाळी क्रांतीचा फोन आला. "आई, मला न्यायला ये. आजच ये, उद्या नगं." एवढंच बोलली आणि फोन बंद झाला. शालूबाईनं भाकरी तव्यावरच टाकली, चप्पल पायात सरकवली आणि मिळेल त्या एसटीनं कागल गाठलं. ती पोचली तेव्हा मळ्यातल्या विहिरीभोवती माणसं उभी होती. पाय घसरून पडली, असं बाळासोनं सगळ्यांना सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं.

पण क्रांतीला पोहायला येत होतं. पाठीला रिकामा डबा बांधून शालूबाईनंच तिला नदीत शिकवलेलं. भर पावसाळ्यात ती पोरगी पुराच्या कडेकडेनं हात मारत यायची. तक्रार झाली, बाप-लेकाला अटक झाली, दोघं जामिनावर सुटले, आणि खटला कोल्हापूरच्या कोर्टात जाऊन पडला.

तेव्हापासून शालूबाई दर बाजारच्या दिवशी भाजी-माळवं विकून झालं की रिकामी बुट्टी काखेत मारून कागलची एसटी धरायची. बाळासोच्या दारासमोर रस्त्यावर उभी राहायची आणि ओरडायची.

"पव्हणाऱ्या पोरीला बुडीवलासा! सांगा की, कशी बुडीवली? सांगा की!"

सुरुवातीला लोक जमायचे. मग नुसते बघत जायचे. पुढंपुढं तेही सरलं, म्हातारी आली वाटतं म्हणून बायका खिडक्या लावून घ्यायच्या. दोन वर्षांत शालूबाईचा गळा बसला, रक्तदाब वाढला, झोप गेली. डोळे मिटले की विहिरीतून काढलेला तो पांढराफटक चेहरा समोर यायचा.

सरकारी वकीलबाईंनी तिला एकदा समोर बसवून समजावलं होतं. "शालूबाई, तो फोन फक्त तुम्ही ऐकलाय. तुमची साक्ष महत्त्वाची आहे. पण कोर्टात असं ओरडलात ना, तर समोरचा वकील तुम्हाला वेडी ठरवून मोकळा होईल. सावकाश बोलायला शिका."

हे तिच्या मनाला लागलं होतं. म्हणून मुलगा विजयसिंह जेव्हा म्हणाला, "आई, कोल्हापूरच्या पलीकडं डोंगरावर बुद्धाच्या ध्यानाचं शिबीर असतंय. धा दिवस ऱ्हायचं. मन शांत हुतंय म्हनं," तेव्हा ती एकदम नाही म्हणाली नाही.

"पूजा कुणाची करायची असती?"

"कुणाची न्हाय. गप बसायचं आन् आपला श्वास बगायचा. बोलायचं न्हाय."

"आन् कोर्टाची तारीख?"

"ती दिवाळी झाल्यावर हाय," विजयसिंह म्हणाला. आकाराम तिथंच दाराशी विळा घासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

शिबिरात फोन जमा करून घेतले. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांकडं देखरेखीला इचलकरंजीची प्राची नावाची मुलगी होती. पहाटे अंधारातच घंटा व्हायची आणि प्राची दारोदार कंदिलासारखी बॅटरी घेऊन फिरायची. कुणी कुणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. शालूबाईला वाटलं होतं, जन्मभर रानात वाकलेलं शरीर, नुसतं बसायला काय जातंय. पण गुडघे पेटायचे, पाठ मोडायची, आणि बाहेर जितकं गप्प तितका डोक्यात बाजार भरायचा. श्वास बघायला गेलं की तो चेहरा दिसायचा. तिसऱ्या दिवशी ती सभागृहातून उठून बाहेर आली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली. प्राचीनं तिला हाताला धरून शिकवणाऱ्या बाईंकडं नेलं. त्यांच्याशी मात्र दोन शब्द बोलायची मुभा होती.

"डोळं मिटलं की माझी मेल्याली पोरगी दिसती," शालूबाई म्हणाली.

बाई वयस्कर होत्या. त्या म्हणाल्या, "तिला हाकलू नका. धरूनही ठेवू नका. येतं ते जातं, एवढं फक्त बघा."

"जाऊ कशी दिऊ? तेवढीच तर ऱ्हायलीया माझ्याकडं."

बाईंनी तिला हवं तर आज खोलीत आराम करा म्हणून सांगितलं. शालूबाई खोलीत गेली नाही. परत सभागृहात जाऊन आपल्या उशीवर बसली.

चेहरा येत राहिला. ती बघत राहिली. पळायला जागाच नव्हती म्हणून असेल, पण एका दुपारी, गुडघ्यातली कळ अगदी टोकाला गेली असताना, तो चेहरा हळूहळू बदलला. पांढरेपणा गेला. तिथं दहा-अकरा वर्षांची क्रांती आली, ओठ निळे पडलेली, थंडीनं दात वाजत असलेली, आणि "अजून एकदाच, आई, एकदाच" म्हणत परत पाण्याकडं पळणारी. शालूबाईच्या डोळ्यांतून पाणी गळून पदर भिजला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. त्या रात्री तिला झोप लागली. पहाटेची घंटा झाली तेव्हा ती कुठं आहे हे तिला क्षणभर कळेना.

उरलेले दिवस तिनं एका कामाला लावले. शिकवलं होतं तसं आधी मन निवांत करायचं आणि मग साक्ष मनातल्या मनात म्हणायची. फोन कधी आला, क्रांती काय म्हणाली, आपण किती वाजता पोचलो. जिथं छाती धडधडायला लागेल तिथं थांबायचं, परत श्वासावर यायचं. असं करता करता ती शेवटपर्यंत न अडखळता पोचायला लागली. मौन सुटलं त्या दिवशी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून बडबडत होत्या. शालूबाई प्राचीला एवढंच म्हणाली, "बाई, माझं काम झालं हितं. आता मी कोर्टात नीट बोलीन."

विजयसिंह गाडी घेऊन न्यायला आला. वाटेत तो एकसारखा बोलत होता. ऊस, कारखाना, म्हशीला झालेलं रेडकू. आईला एवढं गप्प बघून तो आणखी बोलायचा. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, चहा घेतला आणि आकारामच्या समोर बसली.

"दिवाळीनंतर कुठली तारीख हाय? मी तयार हाय आता."

आकारामचा कप हातातच राहिला. "झाली तारीख," तो म्हणाला.

"कसली झाली?"

"तू तिकडं हुतीस तवा. मी आन् इज्यानं साक्ष दिली. पाय घसरून पडली असंल म्हनून सांगितलं. आमची काय तक्रार न्हाय म्हटलं."

"आन् माझी?"

आकारामनं कप खाली ठेवला. विजयसिंहच उंबऱ्यातून म्हणाला, "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, उपचाराला शिबिरात ठेवलीया, असं लिवून दिलं. वकीलबाईंनी मग साक्षीदारांतनं तुझं नाव सोडलं."

शालूबाईनं त्याच्याकडं बघितलं. शेजारच्या बायका हातातली कामं टाकून कान देऊन थांबल्या होत्या, आता आभाळ फाटंल म्हणून. आभाळ काही फाटलं नाही.

"कशापाय केलासा?"

"मग काय करायचं, आई?" विजयसिंहचा आवाज चढला. "ताई माझी बी हुती. मला काय वाटत न्हाय व्हय? पन मला पोरगी दाखवाय कोन तयार न्हाय आमच्यात. केस हाय म्हनत्यात. आई रस्त्यात बोंबलती म्हनत्यात. बाळासो मिटवाय तयार हुता. ताई काय परत येनार हाय?"

"एवढंच सांग," शालूबाई म्हणाली. "आदी काय ठरलं? माझं शिबीर, का कोर्टाची तारीख?"

विजयसिंह तोंड फिरवून गोठ्याकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीत बसून कोल्हापूरला गेली. वकीलबाईंना आधी ती ओळखूच आली नाही. ओरडत नव्हती म्हणून असेल. सगळं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी कोर्टाला अर्ज केला, हिची साक्ष घ्यावी म्हणून. विरुद्ध बाजूनं आडकाठी घातली, तारखा पडल्या, पण शेवटी न्यायाधीशांनी परवानगी दिली.

शालूबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि एका सुरात सगळं सांगून मोकळी झाली. फोन, एसटी, विहीर. आवाज चढला नाही, डोळ्यांतून थेंब आला नाही. मग समोरचा वकील उठला.

"तुम्ही मानसिक उपचारासाठी कुठं होता?"

"उपचार न्हवता. बसाय गेलते."

"बसून काय करत होता?"

"श्वास बगत हुते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वकील पण हसला. "तुमच्या नवऱ्यानं आणि मुलानं याच ठिकाणी शपथेवर वेगळं सांगितलंय. मग ते खोटं बोलले म्हणायचं का?"

चाळीस वर्षं तिच्या कुंकवाचा धनी असलेला आकाराम, आणि पोटचा एकुलता एक पोरगा. तिनं कठड्यावर हात टेकवला.

"व्हय," ती म्हणाली. "खोटं बोललं."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बोललेलं तिच्या कानावर पडलं, "पोरीची आई असती तर असं बोलली असती व्हय? पाठ केल्यागत?" तिनं वळून बघितलं नाही.

निकाल लागला. सयाजी आणि बाळासो दोघंही निर्दोष सुटले. बुडून मृत्यू एवढंच डॉक्टरी कागदात होतं, सख्खा बाप आणि भाऊ तक्रार नाही म्हणत होते, आणि आईनं ऐकलेल्या एका फोनवर कुणाला शिक्षा देता येत नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, वर दाद मागायची का ते बघू. त्यांच्या आवाजावरूनच शालूबाईला कळलं, पुढं काही व्हायचं नाही.

घरात ती राहिली. जाणार कुठं? भाकरी थापायची, नवऱ्याच्या पुढं ताट सरकवायची, विजयसिंहचं ताट झाकून ठेवायची. त्याच्याशी ती बोलत नव्हती. एकदा पहाटे ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली, शिबिरातल्यासारखी. चेहरा आला तो विहिरीतलाच. पाण्याकडं पळणारी क्रांती काही केल्या येईना. पुढं दोन-चार दिवस ती बसली, मग बसायची सोडलीच.

वर्षाच्या आत विजयसिंहचं लग्न ठरलं. मुलगी गडहिंग्लजकडची, अनुजा नावाची, शांत, कष्टाळू. लग्न कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात होतं. शालूबाईला वरमाईची साडी नेसवली, केसांत गजरा माळला. ती खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होती. अक्षता पडायला थोडा वेळ होता, तेव्हा दारातून बाळासो आला. आकारामनं पुढं होऊन त्याला व्यासपीठाजवळ नेलं. माईकवरून पाव्हण्यांचं नाव पुकारलं गेलं आणि इतर मानकऱ्यांसारखा त्यालाही फेटा बांधला.

शालूबाई उठली. कुणाला वाटलं पाणी प्यायला निघाली असेल. ती कार्यालयातून बाहेर आली, रिक्षानं स्टँडवर गेली आणि मुरगूडच्या गाडीत खिडकीशी बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "लग्नाला गेलतीसा व्हय, मावशी?" तिनं मान हलवली.

घरी आली तेव्हा म्हशी हंबरत होत्या. तिनं भरजरी साडी सोडून घडी घालून ठेवली, जुनं लुगडं गुंडाळलं, वैरण टाकली आणि धार काढायला बसली.

वऱ्हाड अंधार पडता पडता आलं. नवरा-नवरीला शेजारणींनीच ओवाळून आत घेतलं. आकाराम फेटा काखेत धरून गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"सगळी इचारत हुती तुला."

"काय सांगितलासा?"

"बरं न्हाय म्हटलं."

शालूबाई बादली घेऊन उठली. दूध गाळायचं होतं, डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती. त्याच्या अंगावरून पुढं जाताना ती म्हणाली, "सुनंला भूक लागली असंल. पोरीला ताट वाढाय सांगा कुणालातरी."